आजीची बशी आणि काकांची मोटार



आमच्या वर्गात खिडकीपाशी एक पत्र्याचा डबा ठेवलेला आहे. बिस्किटांचा जुना डबाच तो. झाकणाला फट पाडली आणि वर रंगीत खडूनं लिहिलं, ‘शंकापेटी’. ज्याला जी शंका येईल, ती त्यानं चिठ्ठीवर लिहून आत टाकायची. नाव लिहिलंच पाहिजे असं नाही. शनिवारी शेवटच्या तासाला डबा उघडायचा. मग ‘पालीची तुटलेली शेपटी का वळवळते?’ पासून ‘बाईंना कुणी ओरडतं का?’ पर्यंत वाटेल ते बाहेर येतं!

मागे एका शनिवारी एक चिठ्ठी निघाली. ती वाचून आधी मला हसू आलं, मग नाही आलं. चिठ्ठी अशी होती :

‘बाई, माझे काका दुबईला असतात. ते जुनी स्पोर्ट्स कार विकत घेणार आहेत. फोनवर आजी म्हणाली, बघ हो बाबा, उन्हाचा देश तो, तापेल ती गाडी. काका हसले. म्हणाले, आई, तुला काय कळतंय त्यातलं? ही शर्यतीच्या जातीची गाडी आहे, ही कशी तापेल? तेव्हापासून आजी फोनवर येत नाही. बाई, कोण बरोबर?’

अक्षरावरून मी मुलगा ओळखला. पण नाव सांगायचं नाही, हा आमच्या पेटीचा नियम आहे.

आता मी काही मोटारींची तज्ज्ञ नाही. डी.एड. झालेली, चौथीच्या वर्गावर शिकवणारी बाई मी. शाळेत जाते ती एसटीनं. पण तापलेल्या गाडीशी माझी जुनी ओळख आहे. ती गोष्ट शेवटी सांगेन. आधी आपण सगळ्यांनी मिळून शोधू या : शर्यतीच्या जातीची गाडी तापते का?

शंभर रुपयांचं पेट्रोल

समजा, तुमच्या बाबांनी शंभर रुपयांचं पेट्रोल भरलं. त्यातल्या किती रुपयांच्या पेट्रोलानं चाकं फिरतात? वर्गात विचारलं तर कुणी म्हणालं शंभर, कुणी म्हणालं नव्वद. खरं उत्तर आहे, साधारण पंचवीस ते तीस रुपये! बाकीचं सारं उष्णता होऊन जातं. त्या उष्णतेचा मोठा वाटा धुराच्या नळीतून बाहेर पडतो आणि जवळजवळ तेवढाच वाटा इंजिनाच्या धातूत शिरतो.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण पेटतं, तेव्हा आतल्या वायूचं तापमान क्षणभर दोन हजार अंश सेल्सिअसच्याही वर जातं. आणि इंजिनाचा बराच भाग ज्या ॲल्युमिनियमचा असतो, ते वितळतं ६६० अंशांना. म्हणजे काय? उष्णता सारखी बाहेर काढली नाही, तर इंजिन स्वतःच्याच आगीत नासून जाईल. म्हणून इंजिनाच्या भिंतींमध्ये पोकळ वाटा ठेवलेल्या असतात आणि त्यांतून पाणी खेळवलेलं असतं. नुसतं पाणी नव्हे. त्यात एक औषध मिसळलेलं असतं, त्या मिश्रणाला मेकॅनिक ‘कुलंट’ म्हणतात. हे कुलंट इंजिनातली उष्णता उचलतं आणि गाडीच्या रेडिएटरकडे नेतं. तिथं थंड होतं, पुन्हा इंजिनात येतं. पंप त्याला सारखा फिरवत असतो.

हे रेडिएटर म्हणजे काय? त्याचं उत्तर त्या मुलाच्या आजीच्या हातात रोज सकाळी असतं!

आजी बशीत चहा का ओतते?

सांगा बघू, का? बरोबर, लवकर निवतो म्हणून. कपातला चहा तेवढाच आणि बशीतला चहाही तेवढाच. पण बशीत तो पसरतो. हवा लागायला जागा जास्त मिळते. वर आजी फुंकर घालते. म्हणजे तापलेली हवा बाजूला जाते, तिच्या जागी नवी गार हवा येते. जागा जास्त आणि हवा नवी : रेडिएटरची सगळी विद्या या दोन गोष्टींत आली.

रेडिएटरमध्ये पुष्कळ चपट्या, बारीक नळ्या असतात आणि नळ्यांना चिकटून पातळ पत्र्याच्या असंख्य झालरी. कुलंट त्या नळ्यांतून जातं, म्हणजे जणू शेकडो बश्यांत ओतलं जातं. मग फुंकर कोण घालतं? गाडी स्वतःच! ती पुढे धावते म्हणून वारा आपोआप झालरींतून घुसतो. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. (करून पाहा गणित. ९०,००० मीटर भागिले ३,६०० सेकंद.) इतक्या जोराची फुंकर कुठल्या आजीला जमणार?

आणि गाडी थांबली की? फुंकर बंद. मग रेडिएटरमागचा विजेचा पंखा सुरू होतो आणि कसंबसं काम भागवतो.

आता काकांच्या म्हणण्यातली फट तुमच्या लक्षात यायला लागली असेल. शर्यतीची गाडी धावते कशी, एवढंच त्यांनी पाहिलं. ती थांबते तेव्हा तिचं काय होतं, हे पाहिलं नाही.

दोनशे गिझर

आपण थोडा ढोबळ हिशेब करू. घरातला पाणी तापवायचा विजेचा गिझर असतो साधारण दोन हजार वॅटचा. चाकांना पन्नास हजार वॅटची ताकद देणारं इंजिन घेतलं, तर तेवढीच उष्णता त्याला रेडिएटरवाटे बाहेर टाकावी लागते. म्हणजे एकाच वेळी पंचवीस गिझर. ही झाली साधी गाडी जोरात चालवली तर. स्पोर्ट्स कारचं इंजिन चार लाख वॅटचं असेल, तर पूर्ण जोरात असताना होतात दोनशे गिझर!

“पण बाई, दुबईच्या रस्त्यावर काका ती पूर्ण जोरात थोडीच चालवणार?” हा प्रश्न वर्गातल्या एका मुलीनं विचारला. शाबास! सिग्नलला उभ्या गाडीला इतकी उष्णता नसतेच. मोठं इंजिन नुसतं चालू ठेवलं तर तासाला दोनेक लिटर पेट्रोल जळतं असं धरू. त्यातून रेडिएटरच्या वाट्याला येतात तीन-चार गिझर. दोनशेच्या मानानं काहीच नाही. मग गाडी तापते का?

कारण फुंकर त्याहूनही कमी झालेली असते. वारा शून्य. पंख्यावर सगळा भार. इंजिन हळू फिरतं, म्हणून बहुतेक गाड्यांत त्याच्यावर चालणारा पाण्याचा पंपही हळू फिरतो. वरून ४० अंशांहून जास्त तापलेली दुबईची उन्हाळी हवा. खालून तापलेलं डांबर. आतल्या माणसांना गारवा हवा म्हणून एसी चालू. आणि एसीनं बाहेर टाकलेली उष्णता जिथं सोडली जाते, ती जाळी बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्याच पुढ्यात असते. म्हणजे रेडिएटरला मिळणारा वाराही आधीच तापलेला. बशीतल्या चहावर कुणी गरम वाफ सोडावी, तसं.

साध्या गाडीचं हे एक बरं असतं, की तिच्या बॉनेटखाली जागा मोकळी असते. स्पोर्ट्स कारचं तसं नसतं. वारा कापत जायचं म्हणून तिचं नाक बुटकं आणि हवा आत घ्यायची तोंडं लहान. इंजिन पुष्कळदा चालवणाऱ्याच्या पाठीमागे, घट्ट बंद पेटीत बसवलेलं. गाडी धावते तोवर सगळं छान. थांबली की त्या पेटीतली हवा कोंडते.

खऱ्या शर्यतीच्या गाडीचं टोक तर याहून पुढचं आहे. फॉर्म्युला वनच्या गाडीला रेडिएटरचा पंखाच नसतो! वजन वाचवायचं म्हणून. तिला सिग्नलला उभं राहायचंच नसतं ना. ती थांबवून ठेवायची वेळ आली, तर तिचे लोक बाहेरून पंखे आणून तिच्या कुशीतल्या भोकांना लावतात. सुरुवातीच्या रेषेवर फार वेळ खोळंबा झाला तर चालकांच्या जिवाची घालमेल होते. जगातल्या अतिवेगवान गाड्यांना सगळ्यात जड जातं ते उभं राहणं. गंमत आहे की नाही?

नामांकित गाड्यांची फजिती आणि युक्त्या

तुमच्यापैकी कितीतरी मुलांच्या वहीच्या कव्हरवर अशा गाड्यांची चित्रं असतात. त्यांच्याच गोष्टी ऐका.

इटलीतल्या लॅम्बोर्गिनी कंपनीनं १९७१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात काउंटाश ही गाडी पहिल्यांदा दाखवली. पाचरीसारखा आकार, वर उघडणारी दारं. लोक बघतच राहिले. पण ती चाचणीसाठी रस्त्यावर काढली तेव्हा तिचं इंजिन तापू लागलं. आधीच्या सुबक चित्रात हवेला पुरेशी वाटच नव्हती! मग १९७४ साली विकायला आलेल्या गाडीच्या बाजूंना मोठे खळगे पाडले गेले आणि खांद्यांवर डब्यासारखी हवेची तोंडं बसवली गेली. आज आपण चित्रात बघतो ती ऐट आली ती तापण्याच्या धास्तीतून.

फेरारी कंपनीच्या बर्लिनेटा बॉक्सर गाडीची तऱ्हा निराळी. तिचं इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे. म्हणजे उकळत्या पाण्याच्या नळ्या माणसांच्या बसायच्या जागेखालून जायच्या. इंजिन थंड, माणसं गरम! म्हणून १९८४ साली आलेल्या टेस्टारोसा गाडीत रेडिएटर मागच्या चाकांपुढे, दोन्ही कुशींत नेले. तिच्या दारांवरच्या लांबलचक पट्ट्या दिसतात ना, त्यांच्या मधून हवा त्या रेडिएटरकडे जाते.

१९९० च्या दशकातल्या मॅक्लॅरेन एफ वन गाडीत चालवणारा मधोमध बसतो, ही तिची एक गंमत. दुसरी गंमत अशी, की तिच्या इंजिनाच्या पेटीला आतून खऱ्या सोन्याचा पातळ वर्ख लावलेला आहे. श्रीमंती दाखवायला नव्हे. सोनं उष्णतेचे किरण उत्तम परतवून लावतं, म्हणून.

आणि २००५ साली आलेली बुगाटी वेरॉन? सोळा सिलिंडर, हजाराहून जास्त अश्वशक्ती. तिला किती रेडिएटर असावेत? एक नाही, दोन नाही, दहा! कुणी इंजिनाच्या पाण्यासाठी, कुणी तेलासाठी, कुणी आत जाणाऱ्या हवेसाठी.

काकांना सांगा, जगातल्या हुशार अभियंत्यांना जी धास्ती वाटली, तीच तुमच्या आईला वाटली. यात हसण्यासारखं काही नाही.

उलटीही गोष्ट आहे

पण विज्ञानाच्या तासाला एकाच बाजूचं ऐकायचं नसतं. काही गाड्या रस्त्यावर गार आणि शर्यतीच्या मैदानावर गरम, अशाही असतात.

अमेरिकेतल्या शेवरोले कंपनीची कॉर्व्हेट झेड०६ ही गाडी २०१५ च्या मॉडेलपासून ६५० अश्वशक्तीचं इंजिन घेऊन आली. त्या इंजिनात जास्त हवा कोंबायला ‘सुपरचार्जर’ नावाचा पंप आहे. सायकलमध्ये पंपानं हवा भरताना पंपाचं बूड तापतं, हे तुम्ही हातानं अनुभवलं असेल. हवा दाबली की तापते. तोच प्रकार इथं. रोजच्या रस्त्यावरून जाताना तक्रार नाही, पण मैदानावर फेऱ्यांमागून फेऱ्या मारल्या की तापमान चढायचं आणि गाडीतला संगणक इंजिन वाचवण्यासाठी आपणहून ताकद कमी करायचा. गिऱ्हाइकांनी तक्रारी केल्या, २०१७ साली प्रकरण न्यायालयातही गेलं. त्याच वर्षीच्या मॉडेलला कंपनीनं हवा जायला जास्त मोठ्या फटी असलेलं बॉनेट दिलं.

म्हणजे तापणं दोन प्रकारचं. एक, उष्णता फार म्हणून. दुसरं, वारा कमी म्हणून. काकांनी स्वतःला विचारायचं ते एवढंच : मी ही गाडी कुठं चालवणार? मैदानावर की ऑफिसच्या रस्त्यावर? उत्तर जर ‘ऑफिसच्या रस्त्यावर, सिग्नल मोजत’ असेल, तर ताशी तीनशेचा आकडा विचारण्याआधी पंखा विचारावा.

काकांसाठी आमच्या वर्गाची यादी

त्या शनिवारी आम्ही फळ्यावर एक यादी केली. आमच्या गावातल्या गॅरेजच्या दादांना मी आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवलं होतं. घरातल्या कुणीही कुठलीही जुनी गाडी घेताना ही यादी उपयोगी पडेल. आईबाबांनाही दाखवा.

पहिलं, गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिन थंडच असलं पाहिजे. मालकानं आधीच सुरू करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी जा. थंड गाडीत कुलंट किती आहे, ते बघा. त्याचा रंग गढूळ, त्यावर तेलाचा तवंग किंवा आत गंज दिसला, तर सावध. इंजिन आधी कधीतरी आतून भाजलेलं असू शकतं.

दुसरं, गाडी सकाळच्या गारव्यात मोकळ्या रस्त्यावर पळवून बघू नका. दुपारी काढा. एसी लावून गर्दीत न्या. मग एका जागी वीस मिनिटं उभी करा आणि तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवा. पंखा लागतो का ते कानांनी ऐका. दोन पंखे असतील तर दोन्ही फिरतात का, ते बघा. एक लक्षात ठेवा : पुष्कळ गाड्यांत काटा मुद्दाम असा बसवतात, की थोडंफार कमीजास्त झालं तरी तो मधेच राहतो. म्हणून तो मधून हलायला लागला, तर मामला आधीच पुढे गेलेला असतो.

तिसरं, रेडिएटरच्या झालरींत वाळू, पानं, किडे अडकलेत का? रबरी नळ्या फुगल्यात, चिरल्यात का? गाडीखाली थेंब पडलेत का?

चौथं, कागद. कुलंट कधी बदललं, पंप कधी बदलला, याच्या पावत्या आहेत का? ‘ह्या गाड्या अशाच असतात हो’ असं कुणी म्हणालं, तर ती पावती नव्हे!

पाचवं, आपल्या ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्या. विकणाऱ्याचा नको.

आणि चालवताना काटा चढलाच तर? आधी एसी बंद. मग हीटर चालू! हो, दुबईच्या उन्हातसुद्धा. कारण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनाची उष्णता आत माणसांकडे आणतो. घामाघूम व्हाल, पण इंजिनाला तेवढाच हातभार. त्यानंही काटा उतरला नाही, तर रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबायचं, इंजिन बंद करायचं. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही, धातू तडकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

ते का, हे सांगण्यासाठी मला आता माझी गोष्ट सांगावी लागेल.

कुंभार्ली घाटात

मी तेव्हा चौथीत होते. मे महिना. मावशीचं लग्न कराडला होतं आणि आम्ही सगळे चिपळूणहून मामाच्या जीपनं निघालो होतो. मामा त्या जीपवर वडाप करायचा. आम्ही आत किती जण होतो ते आता सांगत नाही. तुमच्यापुढे बाई म्हणून उभी राहते मी!

पोफळी मागे टाकलं आणि कुंभार्ली घाट लागला. उभा चढ, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी, पुढे एक मालानं भरलेला ट्रक. म्हणजे इंजिनाला काम जास्त आणि वारा कमी. आज कळतं, तेव्हा काय कळणार? एका वळणावर बॉनेटमधून वाफ यायला लागली. मामानं गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडलं आणि म्हणाला, “अर्धा तास थांबू. निवू दे.”

पण मला धीर कुठला? नवा परकर घातला होता. संध्याकाळी हळद होती. मी मामाच्या मागे लागले. “मामा, चल ना. मामा, हळद होऊन जाईल. मामा, तुझी गाडी कसली?” हे शेवटचं वाक्य मी चारचौघांत, मोठ्यानं म्हटलं. सगळे हसले. मामाही हसला. आणि पाणी घालायला म्हणून त्यानं फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवलं.

घरातला प्रेशर कुकर आठवा. आत वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी शंभर अंशांना न उकळता साधारण १२० अंशांपर्यंत जातं. म्हणून डाळ लवकर शिजते. आईनं शिट्टी झाल्याझाल्या कधी झाकण ओढून काढलंय? नाही ना? रेडिएटरचं झाकणही तसंच दाब धरून ठेवतं. शंभराच्या वर तापलेलं पाणी दाबाखाली गप्प बसलेलं असतं. झाकण उघडलं की दाब जातो आणि ते सगळं पाणी एकदम उकळून कारंज्यासारखं वर उसळतं.

तसंच झालं. मनगटापासून कोपरापर्यंत मामाचा उजवा हात भाजला. तो ओरडला नाही. मटकन खाली बसला. कुणीतरी टूथपेस्ट काढली, कुणीतरी हळदीची पुडी शोधू लागलं. तेवढ्यात पुढचा तो ट्रकवाला गाडी थांबवून धावत आला. त्यानं सगळ्यांना बाजूला सारलं आणि आपल्या कॅनमधलं पिण्याचं पाणी मामाच्या हातावर धारेनं ओतत राहिला. बराच वेळ. काहीही लावू देईना. मग त्याच्याच ट्रकमधून मामाला दवाखान्यात नेलं.

(मोठ्यांनो, भाजल्यावर करायचं ते हेच. साधं वाहतं पाणी वीस मिनिटं. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काही नाही. मग डॉक्टर.)

मामाचा हात बरा झाला, पण डाग राहिला. तो अजून उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा सदरा घालतो. त्यानं मला एका शब्दानं कधी बोल लावला नाही. मीच एकदा डी.एड.ला असताना विषय काढला, तर म्हणाला, “अगं, घाई तू केलीस, पण झाकण मी उघडलं. मला ठाऊक होतं. लोक हसले, तेव्हा थांबायची लाज वाटली.”

म्हणून मुलांनो, गाडी थांबली तर चालवणाऱ्याच्या मागे लागू नका. तो थांबला असेल, तर त्याला थांबू द्या. आणि काकालोकहो, कुणी साधा प्रश्न विचारला तर हसू नका.

मग पुढे काय झालं?

त्या मुलानं यादी वहीत उतरवून घेतली आणि रविवारी काकांना फोनवर वाचून दाखवली. काका आधी म्हणाले, ‘कोण रे तुझ्या ह्या बाई?’ पण दुसऱ्या शुक्रवारी दुपारी त्यांनी ती गाडी एसी लावून गर्दीत नेलीच. पंधराव्या मिनिटाला काटा मधून हलला. दोन पंख्यांपैकी एक फिरतच नव्हता. विकणारा काय म्हणाला असेल, सांगा बघू? ‘ह्या गाड्या अशाच असतात!’

काकांनी पैसे दिले नाहीत. म्हणाले, आधी पंखा आणि नळ्या बदला, मग पुन्हा दुपारीच बघू. मग त्यांनी आजीला फोन द्यायला सांगितलं. काय बोलणं झालं ते मुलाला ऐकू आलं नाही. पण आजी बराच वेळ फोनवर होती आणि तिचा चहा बशीतच निवून गेला, असं त्यानं पुढच्या चिठ्ठीत लिहिलंय.

करून पाहा

अंघोळीच्या पाण्याइतकं गरम पाणी घ्या, जास्त नको. मोठ्या माणसाला जवळ बसवा. सारखं माप घेऊन एक पेलाभर पाणी पेल्यातच ठेवा, दुसरा पेलाभर पाणी ताटात ओता. तिसरं तसंच ताटात ओतून पंख्याखाली ठेवा. दहा मिनिटांनी बोट बुडवून बघा. कोणतं आधी निवलं, कोणतं शेवटी? कारणासकट लिहा.

विचार करा

मैदानावर धावताना तुमचंही अंग तापतं. स्नायूसुद्धा अन्नातल्या शक्तीचा साधारण चौथा हिस्साच कामाला लावतात, बाकीची उष्णता होते. मग तुमचा रेडिएटर कोणता? आणि दमट हवेच्या दिवशी तो नीट का चालत नाही? उत्तर पुढच्या वेळी. तोवर मे महिन्यात भर दुपारी क्रिकेट नको, आणि खेळताना पाणी प्यायला थांबायची लाज नको.

तुमच्या,
शंकापेटीच्या बाई